दोऱ्यांच्या सदरेवरचा पाथरवट

फार फार पूर्वी, गावांना नकाशावर जागा मिळायच्याही आधी, एका टेकडीवर एक लहानसं राज्य होतं. लहान म्हणजे किती, तर राजा न्याहारी करून फिरायला निघाला, की दुपारच्या जेवणाआधी त्याचं राज्य संपायचं.

राज्य लहान असलं तरी व्याप काही कमी नव्हता. खाली नदीचा घाट होता, तिथे नावा लागत. उत्तरेला वेस होती, नदीकाठी गुरांचं कुरण होतं, मधोमध धान्याचं कोठार होतं. टेकडीच्या कुशीत एक भलंमोठं तळं होतं. तळ्याला दगडी बांध होता आणि बांधाच्या खाली पाथरवटांची आळी होती.

या प्रत्येक जागी एकेक राखणदार असे. त्यानं जागा सोडायची नाही, असा राज्याचा कायदा होता. मग काही सांगायचं झालं तर त्यानं काय करावं? त्याच्याजवळ एक दोरी असे. ती दोरी खांबांवरून, छपरांवरून, झाडांच्या बेचक्यांतून निघून थेट राजाच्या सदरेत येई, आणि तिच्या टोकाला एक घंटा टांगलेली असे. राखणदार झटके देई, घंटा वाजे, आणि झटके मोजून सदरेवरच्या माणसाला कळे की कुठे काय झालं. सदरेतून उलटा एक झटका आला, की राखणदार समजे, आपलं ऐकलं गेलं. तो झटका येईपर्यंत मात्र त्यानं दोरी सोडायची नाही. हात दोरीला अडकलेले, म्हणजे दुसरं काही करायची सोयच नाही.

या दोऱ्यांच्या सदरेवर कितीतरी वर्षं धुरपदा नावाची बाई बसत होती. घंटा वाजत नसतील तेव्हा ती लोकांच्या तक्रारी ऐके. आणि ऐकता ऐकता घंटा वाजली, की तिची गंमत बघण्यासारखी असे.

समजा, एखादा माळी सांगतोय, "बाई, याची शेळी माझ्या वांग्यांत शिरली आणि—" तेवढ्यात घाटाची घंटा वाजायची. "त्या 'आणि'वर थांब. तोंडात धरून ठेव," असं म्हणून धुरपदा उठायची. दोन घंटा एकदम बोलल्या तर झटके मोजता येत नाहीत, म्हणून बाकीच्या घंटांच्या लोलकांना ती पटापट चिंध्या गुंडाळायची. घाटाचे झटके मोजायची. उलटा झटका द्यायची. सदरेच्या भिंतीत प्रत्येक घंटेचा एक कोनाडा होता; त्यातल्या घाटाच्या कोनाड्यात, जितके झटके तितके खडे टाकायची. लगेच साऱ्या चिंध्या सोडायची आणि जागेवर येऊन म्हणायची, "हं, याची शेळी तुझ्या वांग्यांत शिरली आणि?" या सगळ्याला, विड्याच्या पानाला चुना लावायला लागतो, तेवढाच वेळ लागे.

आणि घाटावरचं काम? सदरेमागच्या पडवीत गडी बसलेले असत. कोनाड्यात खडे पडले, की त्यांच्यातला जो मोकळा असेल तो उठे आणि ते काम करून येई. धुरपदा स्वतः कधी घाटावर गेली नाही की कोठारात शिरली नाही.

तळ्याच्या घंटेला मात्र चिंधी नव्हती. ती सगळ्यांत मोठी घंटा. ती कधीही वाजो, हातातलं काहीही टाकून आधी तिला ओ द्यायची, असा धुरपदाचा नेम होता.

पण वय कोणाला चुकलंय? धुरपदाचे कान गेले. पितळी घंटा आणि लोखंडी घंटा तिला सारख्याच वाजू लागल्या. तेव्हा ती राजाला म्हणाली, "महाराज, आता दुसरं माणूस बघा."

राजानं हैबती पाथरवटाला बोलावलं. हैबतीचं नाव साऱ्या राज्यात होतं. जातं घडवायला बसला, की ते पुरं होईपर्यंत तो मान वर करायचा नाही. बायको कोंडाबाई भाकरी घेऊन यायची आणि भाकरी तशीच परत न्यायची. त्याची लेक पारू म्हणायची, "बाबा दगडाशी बोलतात, आमच्याशी नाही." लोक मात्र कौतुकानं सांगायचे, घेतलेलं काम तडीस नेणारा माणूस बघायचा तर हैबती बघा. राजाला वाटलं, याच्याइतका चांगला माणूस मिळणार नाही.

धुरपदानं मान हलवली. "माणूस सोन्यासारखा आहे, महाराज. पण या जागेला तो जड जाईल."

"काम पुरं करणारा माणूस जड कसा जाईल, धुरपदाबाई?" राजा हसला. आणि राजा हसला की त्या विषयावर बोलणं संपायचं.

हैबती काही दिवस धुरपदाच्या शेजारी बसून शिकला. घंटांचे आवाज त्यानं चटकन ओळखले, कान त्याचे तयारच होते. दगडावर बोट मारून आतली चीर ओळखणारा माणूस तो. पण मनातून त्याला नवल वाटत होतं. ही बाई दिवसभर उठते आणि बसते, बसते आणि उठते. एकही काम पुरं करत नाही. खडे टाकते आणि मोकळी होते. याला काय कारभार म्हणायचा? आपण बसलो की हे सगळं नीट करू, असं त्यानं तेव्हाच ठरवलं.

तो सदरेवर बसला, आणि घाटाची घंटा वाजली. मिठाची नाव आली होती. हैबतीनं उलटा झटका दिला, पण कोनाड्यात खडे टाकले नाहीत. तो स्वतः घाटावर गेला. उभा राहून पोती उतरवून घेतली, ओल लागलेली वेगळी काढली, गाड्या भरून दिल्या, आणि ऊन कलल्यावर परत आला. निघताना बाकीच्या घंटांना चिंध्या बांधल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. सोडल्या कशासाठी असत्या? सदरेत ऐकायला कोणी नव्हतंच.

घाटावरचे लोक खूश झाले. "कारभारी स्वतः येतो, अंगाला मीठ लावून घेतो," असं जो तो बोलू लागला. हैबतीलाही बरं वाटलं. बरं वाटण्यासारखंच होतं ते.

सदरेत मात्र वेगळाच घोळ झाला होता. सकाळी तक्रार घेऊन आलेले दोघे भाऊ अर्ध्या वाक्यावर बसून राहिले होते. कोण काय बोलत होतं हे ते विसरले, आणि वेळ जाईना म्हणून त्यांनी नवीन भांडण काढलं. उत्तरेच्या वेशीबाहेर एक वऱ्हाड उभं होतं. वेशीचा राखणदार झटक्यांवर झटके देत होता, पण उलटा झटका आल्याशिवाय दार उघडायचं नाही असा नियम. मुहूर्त टळला. हैबतीनं संध्याकाळी चिंध्या सोडून उलटा झटका दिला आणि वेस उघडली, तेव्हा नवरदेव वडाखाली घोरत होता आणि नवरीचा मामा सगळ्यांवर चिडून कोणाशीच बोलत नव्हता.

"पण मिठाचं एक पोतं भिजलं नाही," हैबती म्हणाला. ते खरंच होतं.

असं रोज होऊ लागलं. हैबती एक काम हाती घेई, ते उत्तम करी, आणि तोवर बाकीचं राज्य दोरी धरून उभं राही. पडवीतले गडी आयते बसून सुस्तावले. त्यांचं वजन वाढलं.

एकदा धुरपदा काठी टेकत सदरेवर आली. "हैबती, तू दोऱ्या सोडून पोती उचलतोस म्हणे."

"आक्का, हात घातलेलं काम अर्धं टाकायची मला सवय नाही."

"टाक कोण म्हणतंय? काम गड्यांचं आहे, ते गडी करतील. तुझं काम ओ देण्याचं. तू एका ठिकाणी गुंतलास तर बाकीच्यांनी हाक कोणाला मारायची?"

तेवढ्यात घाटाची घंटा वाजली. हैबतीनं बाकीच्या घंटांना चिंध्या बांधल्या आणि तो पुन्हा पोती उतरवायला निघाला.

त्यातच एक म्हैस आली. हसू नका, तिच्यामुळेच पुढचं सगळं घडलं. तळ्याच्या दोरीचा पहिला खांब बांधाच्या उतारावर होता, आणि या म्हशीला अंग घासायला तोच खांब आवडला. ती अंग घाशी, दोरी हले, आणि इकडे सदरेत मोठी घंटा घणघणू लागे. हैबती हातातलं टाकून बांधावर धावे. तिथे पाणी शांत, राखणदार भिवा शांत, आणि म्हैस त्याहून शांत. एकदा झालं, दोनदा झालं. मग होतच राहिलं.

खरं तर उपाय सोपा होता. घंटेला ओ द्यायची, कोनाड्यात एक खडा टाकायचा, गडी गेला असता आणि त्यानं म्हैस दुसरीकडे बांधली असती. पण हैबतीला रोज स्वतः धावायची खोड. धावून धावून त्याचं डोकं फिरलं. एके सकाळी त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि तळ्याच्या घंटेच्या लोलकाला करकचून गुंडाळलं. आजच्यापुरतं, असं तो स्वतःशी म्हणाला.

आणि त्याच सकाळी कोठाराची घंटा वाजली. जोंधळ्याला किडे लागले होते. सदरेत एक म्हातारी सांगत होती, "सुनेनं माझा पाटा मागितला आणि—" हैबती तिला "बसा, आलोच" म्हणाला, साऱ्या घंटांना चिंध्या बांधल्या आणि कोठारात गेला. अंगणात जोंधळा पसरून, चाळण हातात घेऊन तो चाळू लागला. सुंदर चाळत होता. एक किडा सुटत नव्हता.

वरच्या डोंगरांत कुठेतरी पाऊस कोसळला होता. टेकडीवर ऊन होतं, पण तळं चढू लागलं. बघता बघता पाणी बांधाच्या कडेला आलं. सांडव्याच्या फळ्या उचलून पाणी नदीत सोडायला हवं होतं, आणि ते एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. भिवानं दोरी धरली आणि झटके दिले. ओ आली नाही. त्यानं आणखी जोरानं दिले. जागा सोडायची नाही, दोरी सोडायची नाही, एवढंच त्याला ठाऊक. सदरेवर माणूस आहे, तो ऐकेल, असा त्याचा पक्का विश्वास होता. बांधाखाली पाथरवटांच्या आळीत छिन्न्या वाजत होत्या. कोंडाबाई चुलीपुढे होती आणि पारू अंगणात कोंबडीमागे पळत होती.

धुरपदा आपल्या अंगणात शेंगा निवडत बसली होती. तळ्याची दोरी तिच्याच छपरावरून जात असे. तिनं सहज वर पाहिलं. दोरी ताठ झाली, सैल पडली, पुन्हा ताठ झाली. म्हैस अंग घासते तेव्हा दोरी नुसती थरथरते. हे झटके माणसाचे होते. आणि इतके झटके जाऊनही सदरेकडून उलटा झटका काही येत नव्हता. शेंगांचं सूप तिथेच ठेवून ती उठली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी कोठाराकडे निघाली; सकाळी हैबतीला तिकडे जाताना तिनं पाहिलं होतं.

"हैबती," ती अंगणात येऊन म्हणाली, "तळ्याची दोरी बघ."

त्यानं मान वर केली. छपरांवरून दोरी ताणली जात होती आणि सुटत होती.

"तिचा आवाज मला येत नाही, कारण माझे कान गेलेत," धुरपदा म्हणाली. "तुला का येत नाही?"

हैबतीचा हात डोक्याकडे गेला. डोक्यावर मुंडासं नव्हतं. त्याच्या हातातली चाळण खाली पडली, आणि तो धावत सुटला.

सदरेत शिरताच त्यानं मुंडाशाची गाठ ओढली. ती सुटेना. दातांनी सोडवली. मोठी घंटा घणघणली, त्यानं उलटा झटका दिला, आणि तिकडे भिवाचे हात मोकळे झाले. मग त्यानं बाकीच्या चिंध्या सोडल्या, तशा साऱ्या घंटा एकदम वाजू लागल्या. घाट बोलवत होता, कुरण बोलवत होतं, वेस बोलवत होती. राज्यभर लोक दोऱ्या धरून उभे होते आणि त्याला ठाऊक नव्हतं.

त्याचे पाय आपोआप दाराकडे वळले. बांधाखाली त्याची पारू होती. तो धावत गेला असता, स्वतः फळ्या उचलल्या असत्या, स्वतः लेकीला उचललं असतं. त्याच्या अंगात तेवढं बळ होतं.

दारात धुरपदा धापा टाकत पोचली होती. पण हैबतीच्या कानात घाटाची घंटा वाजत होती, आणि साऱ्या गोंगाटातूनही त्याच्या तयार कानांनी तिचे झटके मोजले. माणसांनी भरलेली नाव नदीच्या मध्यावर होती. आता सांडवा उघडला की ते सगळं पाणी नदीतच जाणार. घाटाला आणि कुरणाला आधी कळवलं नाही, तर आळी वाचेल आणि नाव बुडेल. हे सगळं या एकाच जागेवरून कळत होतं. बांधावर उभं राहून ते कधीच कळलं नसतं.

हैबती मागे फिरला. त्याला आयुष्यात इतकं जड काही उचलावं लागलं नव्हतं.

त्यानं चिंध्या बांधल्या, तळ्याची मात्र मोकळी ठेवली. घाटाला झटका दिला, खडे टाकले, चिंध्या सोडल्या. मग पडवीकडे वळून तो गड्यांना म्हणाला, "चौघं सांडव्यावर. पण घाटावरची नाव काठाला लागून वर निशाण फडकल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही. तू घाटावर जा, माणसं पायऱ्यांवर चढव, मग निशाण कर. तू कुरणात, गुरं वर काढ." सुस्तावलेले गडी भराभर उठले. इतके दिवस बसून त्यांचे पाय शिवशिवतच होते.

"आणि तू आळीत जा," तो शेवटच्या गड्याला म्हणाला. "सगळ्यांना वर काढ. माझं घर कडेला आहे, तिथेही तूच जा. मला येता यायचं नाही."

कुरण वाजलं, त्याला ओ गेली. वेस वाजली, तिला ओ गेली. मध्येच कोठार वाजलं, अर्धा चाळलेला जोंधळा उघड्यावर पडलाय म्हणून. त्यालाही ओ गेली आणि कोनाड्यात खडा पडला. त्या जोंधळ्याची पाळी येईल तेव्हा येईल. हात एका दोरीवरून दुसऱ्या दोरीवर जात होते आणि कोणत्याही दोरीवर रेंगाळत नव्हते.

मग घंटा एकेक करून थांबल्या. आता वाट बघण्याखेरीज काही उरलं नाही. हैबती जागेवर येऊन बसला. समोर ती म्हातारी अजून बसून होती. तो म्हणाला, "हं, मावशी. सुनेनं तुमचा पाटा मागितला आणि?"

म्हातारी हळूच म्हणाली, "आणि मी दिला नाही. देते आता. मला घाई नाही बाबा, तू बस."

बऱ्याच वेळानं दूरवरून पाणी कोसळल्याचा आवाज आला. सांडवा उघडला होता. आणखी थोड्या वेळानं दारात गडी उभा राहिला. त्याच्या खांद्यावर पारू होती आणि पारूच्या काखेत कोंबडी होती. मागे पदरानं तोंड पुसत कोंडाबाई होती.

हैबती उठला, आणि नेमकी तेव्हाच वेशीची लहान घंटा वाजली. तो थबकला. वळून त्यानं वेशीला ओ दिली, खडा टाकला, आणि मग लेकीला उचलून घट्ट धरलं. तो रडला. त्याची त्याला लाज वाटली नाही.

"बाबा," पारू म्हणाली, "तुमचं मुंडासं खाली का पडलंय?"

नाव काठाला लागली होती, गुरं वर आली होती, आळीतलं एकही माणूस गेलं नव्हतं. पण बांधाचे कडेचे दगड निखळून हैबतीच्या घराची मागची भिंत पडली, आणि अंगणात अर्धं घडवलेलं जातं गाळात गेलं. हैबतीनं राजासमोर उभं राहून सांगितलं, "तळ्याची घंटा मी बांधली होती, महाराज. जागा दुसऱ्याला द्या."

राजानं धुरपदाकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही.

"यालाच राहू द्या," ती म्हणाली. "आधी याला दगड घडवता येत होता. आता याला उठता येतं. नवा माणूस आणाल तर त्याला शिकवायला मला पुन्हा एवढं चालावं लागेल, आणि माझे गुडघे काही तुमच्या राज्याचे नाहीत."

हैबती राहिला. पुढे त्यानं बांधाच्या उतारावर, दोरीपासून चांगला लांब, म्हशीला अंग घासायला एक दगडी खांब बसवला. तो त्यानं सदरेच्या ओसरीवर घडवला. घंटा वाजली की तो छिन्नी जिथे असेल तिथे ठेवी, उठे, ओ देई, आणि परत येऊन त्याच घावापासून पुढे सुरू करी. त्या कामाला फार दिवस लागले. पण खांब पाहणाऱ्याला, मध्ये कुठे हात थांबला होता, हे आजवर शोधून सापडलेलं नाही. म्हशीला तर तो फारच आवडला.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात धरा: हाक येताच ओ द्यावी, आणि काम त्याच्या पाळीनं करावं.